42 दिवस, 41 खाडे

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि मुख्य गोष्ट राहूनच जाते, म्हणून पत्र.

मी सिगरेट ओढायचो. आई, तुला ठाऊक होतं. दिवाळीला आलो की माझे शर्ट तू वेगळे भिजवायचीस आणि बोलायची मात्र नाहीस.

सोडायचं तीनदा ठरवलं, तिन्ही वेळा आठवड्यात परत टपरीवर. या वेळी आधी सोडली नाही, नुसतं लिहायला लागलो. बाबा, तुम्ही दुकानात रोजकीर्द लिहायचात तशी: किती वाजले, सोबत कोण, मनात काय. दहा दिवसांनी वही वाचली. रोजच्या चौदांपैकी खऱ्या तलफेच्या तीन-चारच. बाकीच्या चहा आला म्हणून, साहेबांचा फोन ठेवला म्हणून, सगळे खाली निघाले म्हणून.

मग जडसन ब्रूअर नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांचं वाचलं. ते म्हणतात, तलफेशी झगडू नका, ती अंगात कुठे उठते ते बघत बसा. येल विद्यापीठात त्यांनी 88 जणांचे दोन गट करून एका गटाला हे शिकवलं, 2011 साली ते छापून आलं. सतरा आठवड्यांनी या गटातले 31 टक्के सिगरेटपासून लांब होते, नेहमीच्या पद्धतीच्या गटातले 6 टक्के. 88 म्हणजे आपल्याकडे पारायणाला बसतात तेवढीच माणसं, तेव्हा फार हुरळून गेलो नाही. पण माझी तलफ घशात उठते आणि उजव्या हाताच्या दोन बोटांत, हे मला बारा वर्षांत पहिल्यांदा कळलं. बघत राहिलं की चार-पाच मिनिटांत ओसरते. एकदा ओढतानाही नीट लक्ष दिलं. ओल्या राखेची चव! हे मी पैसे देऊन घेत होतो.

आता आईसारखे कालनिर्णयवर खाडे मांडतो, दुधाऐवजी सिगरेटचे. आज 42 दिवस, 41 खाडे. एकोणिसाव्या दिवशी मित्राच्या लग्नात घसरलो, तो चौकोन तसाच कोरा ठेवलाय. दुसऱ्या दिवशी 1800-11-2356 ला फोन लावला. तंबाखू सोडणाऱ्यांसाठी सरकारचा फुकट नंबर आहे. पलीकडच्या बाई रागावल्या नाहीत, पुढची तारीख विचारली.

शनिवारी येतोय. बाबा, तुमच्यासाठी दोनशे पानी वही आणतोय. बिडी सोडा म्हणत नाही, नुसती मांडा. आणि आई, मशेरीसुद्धा तंबाखूच. तुझी वही वेगळी आणतो, एकीत लिहिलंत तर भांडाल.

तुमचा,
बाळू