भूल दिली, भीती राहिली

प्रति,
मा. लोकस्वास्थ्य व वैद्यकीय शिक्षण मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

महोदय,
सप्रेम नमस्कार.

अपघातग्रस्ताला दिलेल्या भुलीची नोंद त्याच्या डिस्चार्ज कार्डावर व्हावी आणि महिन्याभराने त्याच्या भीतीची विचारपूस व्हावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे. या पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवली आहे. ही मराठी प्रत इथल्या आमच्या माणसांसाठी. इंदूरच्या लोकमान्यनगर, रामबाग, सुदामानगर इथल्या घरांत अपघाताच्या गोष्टी मराठीतच सांगितल्या जातात, आणि सगळा घोळ सुरू होतो तोही एका मराठी शब्दापासून.

तो शब्द म्हणजे भूल. मी इंदुरात एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, सिस्टर होते. "आता भूल देणार हं, घाबरू नका," हे वाक्य मी किती हजार वेळा म्हटलं असेल देव जाणे. आमच्या हिंदी बोलणाऱ्या शेजारीणबाई थट्टा करायच्या, की तुमच्याकडे डॉक्टर 'भूल' देतात म्हणजे माणसाला सगळं विसरायलाच लावतात की काय? मीही हसून सोडून द्यायचे. गेल्या कार्तिकात ते हसू आटलं.

धाकट्या बहिणीचा मुलगा ओंकारेश्वरहून मोटरसायकलवर परत येत होता. खंडवा रोडवरच्या भेरूघाटात ट्रकची धडक बसली. मांडीचं हाड मोडलं, घोटा निखळला, आणि ट्रकचा हॉर्न अडकून वाजतच राहिला. एका भल्या माणसाने त्याला बोलेरोत घालून इंदूरला आणलं. वाटेत दुखणं थांबवायला काहीच मिळालं नाही. कॅज्युअल्टीत घोटा बसवायला केटामिन हे भुलीचं औषध दिलं. दोन दिवसांनी रॉड टाकला, तेव्हा कमरेत भूल आणि वरून गुंगीसाठी मिडाझोलाम. सहाव्या दिवशी पोरगं घरी आलं. पाय आता छान जुळलाय. पण लग्नाच्या वरातीतला हॉर्न ऐकला तरी तो भिंतीला टेकतो, घामाने भिजतो. खंडवा रोडवरची नोकरी सोडली. मला एकदाच म्हणाला, "मावशी, घोटा बसवत होते ना, तेव्हा मी छताला चिकटलो होतो. खाली मीच पडलेला दिसत होतो. आणि हॉर्न तिथेही वाजत होता."

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. त्यांनी जे केलं ते बहुतेक ठिकाणी करतात, मीही केलंच असतं. केटामिनवर माझा राग नाही. श्वास चालू राहतो, बीपी कोसळत नाही, आणि जिथे भूलतज्ज्ञ पोचलेला नाही तिथेही त्यावर माणसं वाचतात. म्हणूनच ते देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. माझा प्रश्न असा आहे, की त्या पहिल्या काही तासांत आपण हाडाबरोबर आठवणीवरही हात टाकत असतो, हे कुणाच्या ध्यानात असतं का?

नवी आठवण लगेच पक्की होत नाही. ओल्या सिमेंटसारखी ती काही तास मऊ असते. १९०० साली म्युलर आणि पिल्झेकर या जर्मन अभ्यासकांनी हे मांडलं. पुढे कळलं, की भीतीच्या प्रसंगात उसळणारं नॉरअॅड्रेनलिन हे रसायन मेंदूतल्या अमिग्डला नावाच्या बदामाएवढ्या भागाला हलवतं आणि तो भाग आठवणीवर जोराचा शिक्का मारतो. २००० साली उंदरांवरच्या प्रयोगात नादेर, शाफे आणि लेडू यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. जुनी, पक्की झालेली भीतीही पुन्हा आठवली की थोडा वेळ मऊ होते. म्हणजे जखमी माणसाला अपघातानंतर तासाभरात दिलेलं औषध ओल्या सिमेंटवर पडतं, आणि दोन दिवसांनी ओटीच्या टेबलावर तो प्रसंग त्याला आठवत असताना दिलेलं औषधही कदाचित कोरड्यावर पडत नसेल.

आता कुठलं औषध काय करतं? इथे मला खात्रीचं एक वाक्य आपल्याला देता येत नाही, आणि हीच माझी खरी तक्रार आहे. अमेरिकेच्या जळालेल्या सैनिकांमध्ये, ज्यांना शस्त्रक्रियेत केटामिन मिळालं त्यांच्यापैकी २७ टक्क्यांना पुढे आघातोत्तर तणावविकार (मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणाऱ्या भीतीचा आजार, पीटीएसडी) झाला, ज्यांना मिळालं नाही त्यांच्यात ४६ टक्क्यांना. हा २००८ चा अहवाल. २०१४ मध्ये त्याच गटाने मोठ्या नोंदी तपासल्या, तेव्हा तो फरक दिसला नाही. आणि जर्मनीत २००५ साली अपघाताच्या पेशंटांमध्ये उलटंच दिसलं. घटनास्थळी केटामिन मिळालेल्यांना वर्षभराने प्रसंग पुन्हा पुन्हा जगल्यासारखं होणं जास्त होतं, अफूवर्गीय वेदनाशामक मिळालेल्यांना कमी. छताला चिकटलेला माझा भाचा मला त्या दुसऱ्या पारड्यात दिसतो. एका पोरावरून नियम होत नाही हे मला ठाऊक आहे, तरी दिसतो.

प्रोपोफोलचंही तसंच. ते दुधासारखं पांढरं, भुलीचंच औषध. २०१९ साली माद्रिदच्या गटाने दाखवलं, की भावनेची गोष्ट आठवून लगेच प्रोपोफोलची गाढ गुंगी दिली, तर चोवीस तासांनी त्या गोष्टीचा भावनिक भाग फिका पडलेला असतो. वर्तमानपत्रांनी लगेच 'वाईट आठवणी पुसणारं इंजेक्शन' करून टाकलं. पण उंदराला शॉकचा धडा शिकवल्यावर लगेच प्रोपोफोल दिलं, तर तो धडा जास्त पक्का झाला, हे २०११ मध्ये छापून आलं होतं. जपानमध्ये २०१२ साली वाहन-अपघातातल्या जखमींच्या अभ्यासात सुरुवातीच्या प्रोपोफोलचा संबंध तणावविकाराच्या वाढत्या धोक्याशी आढळला. तेच औषध, पण वेळ वेगळी आणि माणूस वेगळा.

मिडाझोलामबद्दल मात्र घरोघरी एक गैरसमज आहे, तो मी स्वतः पसरवलाय. "काही आठवणार नाही तुम्हाला," असं मी सांगायचे. ते खरं असतं, पण इंजेक्शननंतरचंच. आधी घडलेला अपघात त्याने पुसला जात नाही. आणि आठवण पुसली तरी भीती जाते असंही नाही. जिनिव्हाच्या क्लापारेद या डॉक्टरची स्मृती गेलेली एक रुग्ण होती. त्याने तळहातात टाचणी लपवून तिच्याशी हात मिळवला. पुढच्या वेळी तिला टाचणी आठवत नव्हती, पण हात द्यायला ती तयार होईना. हे १९११ साली लिहिलेलं आहे. घरी जाताना भाच्याला झोपेच्या गोळ्या दिल्या, त्याही मिडाझोलामच्याच कुळातल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितलंय, की आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात तणावाच्या लक्षणांसाठी या गोळ्या देऊ नयेत. आमच्याकडे त्या डिस्चार्जच्या पिशवीत प्रसादासारख्या पडतात.

सगळ्यात आशेची नोंद दुखणं थांबवण्याबद्दलची आहे. इराकमध्ये जखमी झालेल्या ६९६ अमेरिकी सैनिकांच्या नोंदी २०१० साली छापल्या गेल्या. त्यांपैकी ज्यांना पुढे तणावविकार झाला, त्यांच्यातल्या ६१ टक्क्यांनाच सुरुवातीच्या उपचारात मॉर्फिन मिळालं होतं. ज्यांना तो झाला नाही, त्यांच्यातल्या ७६ टक्क्यांना. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, शेवटचा शब्द नव्हे. पण जखमीचं दुखणं लवकर थांबवायला अभ्यासाची वाट पाहावी लागते का?

मॉर्फिन बनतं अफूपासून. आणि मंत्रिमहोदय, अफू कुणाकडे आहे? आपल्या माळव्यात! मंदसौर-नीमचच्या शेतांत, नीमचच्या सरकारी कारखान्यात. जगाला अफू पुरवणाऱ्या मुलखातल्या रस्त्यावर मोडलेल्या मांडीचं पोरगं वाटेवरच्या सिमरोलपासून ओरडत येतं. २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा सैल केला तो मॉर्फिन रुग्णापर्यंत पोचावं म्हणूनच. ते छोट्या दवाखान्यापर्यंत का येत नाही, हे आपण एकदा फाईल मागवून पाहावं.

माझं मागणं मात्र याहून साधं आहे. भाच्याच्या डिस्चार्ज कार्डावर रॉडचं स्टिकर आहे, त्याचं माप आणि बॅच नंबरसकट. कुठली भूल, किती, किती वाजता, याच्यासमोर लिहिलंय 'चार्टप्रमाणे'. चार्ट हॉस्पिटलात राहतो. लोखंडाचा हिशेब आहे, भुलीचा नाही. पुढे मानसोपचारतज्ज्ञाने विचारलं, तेव्हा बहिणीने सांगितलं, "काहीतरी सुंगवलं होतं हो." म्हणून कार्डावरच तीन ओळी असाव्यात. अपघातापासून किती तासांनी काय दिलं, दुखण्याला काय दिलं, आणि भुलीतून उठताना पेशंट घाबरला होता का.

दुसरं, महिन्याभराने एक फोन. केंद्राच्या २०२५ च्या योजनेत अपघातग्रस्ताला ७ दिवस, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार आहेत. चांगली योजना आहे. पण आघातोत्तर तणावविकाराचं निदान नियमानुसार महिनाभर लक्षणं राहिल्याशिवाय करता येत नाही. आजाराला नाव मिळण्याआधीच योजना संपते. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. पेशंटाने तिकडे फोन करावा ही अपेक्षा सोडा. जो खंडवा रोडवर जाऊ शकत नाही, तो भीतीबद्दल अनोळखी माणसाला आपणहून फोन करणार नाही. डिस्चार्जच्या यादीवरून तिथूनच फोन यावा.

या दोन नोंदी, म्हणजे भुलीची ओळ आणि महिन्यानंतरची भीती, एका कागदावर आल्या, की जर्मनी-जपानचं आपल्याला किती लागू पडतं हे आपलं आपल्याला दिसू लागेल. १८७८ च्या किंग एडवर्ड मेडिकल स्कूलचा वारसा सांगणारं एमजीएम मेडिकल कॉलेज इथे इंदुरातच आहे. भूलशास्त्र आणि मानसोपचार या दोन विभागांना एक रजिस्टर जमणार नाही असं मला वाटत नाही. सहा प्रकारचा कचरा वेगळा करणाऱ्या शहराला तर नाहीच.

एक गोष्ट आदेशाशिवायही होते, ती सहज सांगते. केटामिन देताना आमचे जुने भूलतज्ज्ञ आम्हाला पेशंटच्या कानाशी उभं करायचे. दिवा मंद, आवाज हळू, हात हातात. "सुपारीच्या बागेत आहेस बघ, वारा सुटलाय," असं काहीही बोलत राहायचं. जाताना ऐकलेलं येताना भेटतं, असं ते म्हणायचे. भाच्याच्या कानाशी त्या रात्री कोण होतं, मी विचारलं. त्याला ट्रॉलीची चाकं आणि कुणाचा तरी मोबाईल वाजत असलेला आठवतो.

कार्डाचा नमुना मी हाताने आखून हिंदी प्रतीला जोडला आहे. अर्ध्या पानाचा आहे, रॉडच्या स्टिकरच्या खाली मावतो.

आपली,
एक निवृत्त ओटी सिस्टर
लोकमान्यनगर, इंदूर