आधी १२ व्होल्टची बॅटरी तपासा

संपादक महाशय,
स. न.

इलेक्ट्रिक गाड्यांविषयी छापून येणारा मजकूर मी आवर्जून वाचतो. एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर, मोठी बॅटरी किती वर्षे टिकेल, हे सगळे त्यात येते. पण या गाड्यांत पेट्रोलच्या गाडीसारखीच एक लहान १२ व्होल्टची बॅटरीही असते, बहुधा बॉनेटखाली, कधी मागे डिकीत. तिच्याविषयी क्वचितच कोणी लिहिते. गेल्या महिन्यात आमचे अडले ते नेमके तिच्यापाशी.

पत्नीला डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी सकाळी आठला पोहोचायचे होते. सुनेने ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबले. पडदा लुकलुकला, आतून टक-टक-टक आवाज आला आणि ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग असे सगळे दिवे एकदम लागले. गाडी चालायला तयार असल्याची ‘रेडी’ ही खूण पडद्यावर काही येईना. मोबाइलवरच्या गाडीच्या ॲपमध्ये मात्र मोठ्या बॅटरीचा चार्ज ७२ टक्के. तिने मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडून दिव्यांची यादी ऐकून घेतली गेली आणि उत्तर आले, ‘मेन बॅटरी गेलेली दिसते, गाडी वर्कशॉपला न्यावी लागेल, परवा उचलू.’ त्या पोरीचा चेहरा उतरला. एवढी मोठी बॅटरी म्हणजे गाडीचा निम्मा जीव. पत्नीला आम्ही भाड्याच्या गाडीने नेले.

मी ३४ वर्षे टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये काढली आहेत. दोन-दोन व्होल्टचे २४ सेल, प्रत्येकाचे व्होल्टेज आणि ॲसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे घनता, वहीत उतरवायची. वीज गेली तरी लोकांचे फोन चालू राहत ते त्या सेलांच्या जोरावर. त्यामुळे दुपारी परत आल्यावर व्होल्टेज मोजायचा मीटर काढला आणि बॉनेट उघडले. लहान बॅटरीवर आकडा होता १०.९ व्होल्ट. लेड-ॲसिड बॅटरी भरलेली असेल तर काही तास नुसती उभी राहिल्यावरही १२.६ च्या आसपास दाखवते. १२ च्या खाली उतरली की ती रिकामीच समजायची. घरातला जुना चार्जर तासभर लावला, बटण दाबले आणि ‘रेडी’ आले. लगेच मीटर १४.२ वर चढला, कारण आता मोठी बॅटरी कन्व्हर्टरमार्फत, म्हणजे व्होल्टेज उतरवणाऱ्या यंत्रामार्फत, लहानीला भरू लागली होती. मोठीला काहीही झालेले नव्हते.

गाडी बंद असताना मोठी बॅटरी बाकी गाडीपासून पूर्ण तोडलेली असते. तिला जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेने ओढले जाणारे मोठे स्विच, ओढायला, गाडीतले संगणक जागे करायला, दारांची कुलुपे उघडायलासुद्धा १२ व्होल्टच लागतात. ते कमी पडले की प्रत्येक संगणक आपापली तक्रार सांगू लागतो, म्हणून दिव्यांची ती जत्रा. लहान बॅटरी ठार झाली असेल तर चार्जिंगची गन लावूनही बहुतेक वेळा उपयोग होत नाही, कारण चार्जिंग सुरू करायलाही आधी तेच कॉन्टॅक्टर मिटावे लागतात.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच. पेट्रोलच्या गाडीत स्टार्टर शेकडो अँपिअर ओढतो, त्यामुळे थकलेली बॅटरी आठ-पंधरा दिवस आधीच कण्हू लागते आणि आपण सावध होतो. इलेक्ट्रिक गाडी लहान बॅटरीकडे मागते त्या मानाने फारच थोडे. म्हणून ती शेवटच्या दिवसापर्यंत ठणठणीत भासते आणि मग एका सकाळी एकदम संपते. आमची गाडी त्याआधी दोन आठवडे जागची हलली नव्हती आणि मुलगा परगावाहून मोबाइलवर रोज तिचा चार्ज बघत होता. तसे बघताना दर वेळी गाडी जागी होते आणि लहान बॅटरी खाते. काही गाड्या उभ्या असतानाही मधूनमधून मोठी बॅटरी आपणहून जोडून घेऊन लहानीला भरतात; सगळ्याच नाही.

‘रेडी’ न येण्याची साधी कारणेही असतात: गन लावलेली राहणे, ब्रेक पुरता न दाबणे, किल्लीतला सेल संपणे. ती मिनिटभरात तपासून होतात. नारिंगी वायरींना मात्र कोणीही हात लावू नये. तिथे शेकडो व्होल्ट असतात. आणि इलेक्ट्रिक मोटर ज्यांना जोडलेली असते ती चाके जमिनीवर ठेवून गाडी ओढू देऊ नये. चाकांबरोबर मोटर फिरते, वीज तयार होते आणि नुकसान होते. गाडी सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी.

गाडी विकणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. चावी हातात देताना लहान बॅटरी कुठे आहे, दार उघडले नाही तर किल्लीत दडवलेली धातूची चावी कशी काढायची, बाहेरून १२ व्होल्ट कुठे जोडायचे, हे ग्राहकाला प्रत्यक्ष दाखवा. मदत क्रमांकावरच्या माणसाने पहिला प्रश्न १२ व्होल्टविषयीच विचारावा. आणि पडद्यावर मोठ्या बॅटरीचे टक्के दाखवता, तसा लहानीचाही आकडा दाखवा.

आमची बॅटरी चार वर्षांची होती, ती आम्ही बदलली. सुनेने त्याच दिवशी मीटर वापरायला शिकून घेतले. दर महिन्याच्या एक तारखेला, गाडी सुरू करण्याआधी, ती आकडा घेते आणि माझ्या जुन्या वहीत लिहिते. या वेळचा आकडा १२.७ आहे.

आपला,
एक निवृत्त टेलिफोन तंत्रज्ञ