प्लॅन वाढवण्याआधी वायर बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘नेट चालत नाही’ आणि ‘केबलचे बिल वाढले’ या दोन तक्रारी सोलापुरात घरोघरी ऐकू येतात. त्यावर लोक एक तर केबलवाला बदलतात, नाही तर महागडा प्लॅन घेतात. दोन्हीत पैसे जातात आणि दुखणे तसेच राहते, कारण ते बरेचदा घरातल्याच चार हात वायरीत किंवा पावतीच्या एका ओळीत असते.

आधी केबल. शहरात ३१ मार्च २०१३ च्या मुदतीने सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. बिलाची आजची मांडणी मात्र दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नियमांनी फेब्रुवारी २०१९ पासून आली. एक भाग एनसीएफ, म्हणजे तारेचे भाडे म्हणा, आणि दुसरा पैसे लागणाऱ्या चॅनेलांचा. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. मूळ एनसीएफला तेव्हा १३० रुपयांची मर्यादा होती, कर धरून १५३ रुपये ४० पैसे. हा आकडा अजून अनेकांच्या डोक्यात पक्का बसलेला आहे आणि त्यावरून वसुलीला आलेल्या पोराशी दारात भांडणे होतात. पण जुलै २०२४ मध्ये ट्रायने ती मर्यादाच काढली. दर आता कंपनी ठरवते, तो तिने संकेतस्थळावर जाहीर करायचा असतो. म्हणून ‘जास्त का घेता’ यापेक्षा ‘एनसीएफ किती आणि चॅनेलांचे किती, वेगळे सांगा’ हा प्रश्न कामाचा.

आपल्या गावात चॅनेलांचा भाग फुगतो तो भाषांमुळे. साखर पेठेतल्या किंवा अशोक चौकातल्या एखाद्या घरात आजीला तेलुगू मालिका हव्यात, सुनेला मराठी, पोरांना कार्टून आणि क्रिकेट. अक्कलकोट रोडला त्यात कन्नडची भर. कंपन्यांचे बुके, म्हणजे चॅनेलांचे तयार गठ्ठे, बहुतेक एकेका भाषेचे. तेलुगूची दोन चॅनेल हवीत म्हणून अख्खा तेलुगू बुके घेतला जातो आणि त्यातली बाकीची कोणी उघडतही नाही. प्रत्येक चॅनेल सुटे घेता येते, हे वसुलीवाला आपणहून सांगत नाही. हिशेब सोपा आहे. बुकेतल्या चॅनेलांच्या सुट्या किमतींच्या बेरजेवर जास्तीत जास्त ४५ टक्के सूट देता येते, आणि १९ रुपयांपेक्षा महाग चॅनेल बुकेत घालता येत नाही. समजा बुके ४० रुपयांचा आहे आणि त्यातली तुम्ही बघता ती दोन चॅनेल १२ आणि १५ रुपयांची. सुटी घेतली तर २७ रुपयांत काम होते. चार-पाच बघत असाल तर बुकेच परवडेल. आठवडाभर कोण काय बघतो ते कागदावर लिहा, मग यादी द्या.

एचडीचे पैसे भरून साधे चित्र बघणारी घरेही कमी नाहीत. बॉक्सच्या मागे पिवळी-लाल-पांढरी पिन लावलेली असते. त्या वायरीतून एचडी जातच नाही. एचडीएमआय वायर लावा आणि टीव्हीचे इनपुट बदला. बॉक्सच एचडी नसेल, तर एचडी चॅनेल काढून टाका.

चित्राच्या चौकटी-चौकटी होणे हा पावसाळी आजार. सगळी चॅनेल एकदम गेली तर दोष बाहेर असण्याची शक्यता जास्त. पण मोजकीच फुटत असतील तर घरातला जॅक बघा. चॅनेलांचे गट वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर येतात आणि वरच्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल वायरीत जास्त झिजतो, त्यामुळे सिग्नल कमी पडला की सगळे गट एकदम जात नाहीत, काहीच फुटतात. जॅक काढून बघा: मधली तांब्याची तार जॅकच्या काठाबाहेर दोन-तीन मिलिमीटर आलेली असावी, हिरवी-काळी पडलेली नसावी, आणि बाहेरच्या जाळीचा एकही केस तिला चिकटलेला नसावा. गच्चीवर वायर पिळून वर टेप गुंडाळलेला जोड असेल तर तो कापून जॅक आणि जॉइंटर लावायला सांगा. दुसऱ्या टीव्हीसाठी स्प्लिटर, म्हणजे एका वायरीच्या दोन करणारी डबी, टाकला की सिग्नल निम्म्याहून खाली येतो. दोन तोंडे लागत असताना चार तोंडांचा स्प्लिटर लावणे म्हणजे उरलेला सिग्नल हवेत सोडणे.

ज्यांना महिन्याचे पैसेच नकोत त्यांना डीडी फ्री डिश आहे. एकदाच छत्री आणि बॉक्स घ्यायचा. डीडी सह्याद्री त्यावर मिळते. खासगी चॅनेलांच्या जागा लिलावाने जातात, म्हणून ती येत-जात राहतात, तक्रार करून उपयोग नाही. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. सोलापुरातून बघितले तर तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६१ अंश वर येतो. छत्री मात्र तेवढी वर बघताना दिसत नाही. ती ऑफसेट प्रकारची, म्हणजे सिग्नल पकडणारे तोंड मधोमध नसून खालच्या बाजूला असलेली, असल्याने बरीच उभी वाटते आणि लोक ती उगाच मागे झुकवून सिग्नल घालवतात. छत्रीपुढे नारळाचे झावळे किंवा शेजारची पाण्याची टाकी नको.

आता इंटरनेट, खरा गोंधळ तिथे आहे. प्लॅनवरचा आकडा मेगाबिटचा असतो आणि डाउनलोड होताना दिसतो तो बहुधा मेगाबाइटचा. आठाने भागा. ४० चा प्लॅन म्हणजे सेकंदाला ५ मेगाबाइट, यात फसवणूक नाही. जाहिरातीतल्या ४९९ रुपयांवर जीएसटी धरला की ५८८ रुपये ८२ पैसे होतात, हेही आधीच विचारून घ्यावे. तसेच ‘अनलिमिटेड’मध्ये किती जीबीनंतर स्पीड उतरतो, तेही.

स्पीड मोबाइलवर मोजू नका. लॅपटॉप लॅनच्या वायरीने राउटरला जोडा आणि मग मोजा. वायरीवर पूर्ण मिळत असेल तर केबलवाल्याचा दोष नाही, तुमच्या वायफायचा आहे. २०० चा प्लॅन असून वायरीवर आकडा ९४ च्या आसपासच अडकला, तर शंभराचा पोर्ट आहे किंवा आठपैकी चारच तारा जोडल्या आहेत, असे खुशाल समजा. वायफायला २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नावे दिसत असतील तर टीव्ही राउटरच्या खोलीतच असल्यास ५ वर घ्या. जुन्या वाड्यांतल्या दगडी भिंतींपुढे ५ चे काही चालत नाही, तिथे २.४ बरे, किंवा पुढच्या खोलीत वायर ओढून दुसरा राउटर ठेवा. राउटर टीव्हीमागे, लोखंडी कपाटावर किंवा पत्र्याला लागून ठेवू नये. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली तो तापून स्वतःच बंद-चालू होतो आणि लोक कंपनीला फोन करत बसतात.

फायबरच्या डबीवर ‘एलओएस’ लाल लागला म्हणजे प्रकाश येत नाही. आधी पिवळी किंवा पांढरी बारीक वायर कपाटाच्या दारात चेपली किंवा खिळ्याला काटकोनात दुमडली नाही ना, ते बघा. हिरवे टोक आणि निळे टोक एकमेकांत घालू नका, बसले तरी सिग्नल पडतो. टोकाला बोट लावू नका आणि चालू वायरीत डोळा घालून बघू नका. कंपनीशी जोड असल्याचे दाखवणारा ‘पॉन’ दिवा स्थिर आणि तरीही नेट नसेल, तर बिल संपले का ते आधी तपासा.

लाइट गेल्यावर शेजाऱ्याचे नेट चालू आणि आपले बंद, असे का? खऱ्या फायबरला वाटेतल्या स्प्लिटरमध्ये वीज लागत नाही, त्यामुळे कंपनीकडे बॅकअप असेल तर घरच्या छोट्या यूपीएसवर काम भागते. लॅनच्या वायरीने आलेल्या जोडणीत मात्र गल्लीतल्या स्विचलाही, म्हणजे घराघरांत नेट वाटणाऱ्या डबीलाही, वीज लागते, तिला बॅकअप नसेल तर यूपीएस घेऊन पैसे फुकट. घेताना अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट वाचा: ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा यूपीएस लावला तर राउटर जळू शकतो.

प्लॅनसोबत ओटीटी, म्हणजे नेटवरून सिनेमे-मालिका दाखवणारे अ‍ॅप, ‘फुकट’ मिळाले तर ते टीव्हीवर चालते की फक्त मोबाइलवर, एवढे विचारा. असे अ‍ॅप दाखवायला टीव्हीला लावलेली, टीव्हीच्या यूएसबीवर चालणारी स्टिक मध्येच बंद पडत असेल तर तिला तिचा अ‍ॅडॉप्टर द्या.

तक्रार तोंडी करू नये. इंटरनेटच्या कंपनीकडून तक्रारीचा डॉकेट नंबर घ्यावा. ठरलेल्या मुदतीत काम न झाल्यास ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही.

शहरातल्या केबलचालकांना दोन विनंत्या आहेत. पावतीवर एनसीएफ, चॅनेल आणि कर वेगवेगळे लिहा, मराठीसोबत तेलुगू आणि कन्नडमध्येही. आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत नंदीध्वजांच्या मार्गावरच्या लोंबत्या वायरी काढाव्याच लागतात, तर त्या भागातल्या ग्राहकांना नेट कोणत्या दिवशी, किती तास बंद राहील ते आधी कळवा.

आपले,
केबल आणि इंटरनेट जोडणीची कामे करणारे काही तंत्रज्ञ, सोलापूर