सौंदर्यस्पर्धेत मुलाखतीलाही गुण द्या

संपादक महोदय,

गोव्यात कॉलेजच्या गॅदरिंगपासून क्लबांच्या वार्षिकोत्सवापर्यंत सौंदर्यस्पर्धा होतात. मूळच्या गोमंतकीय रिटा फारिया 1966 साली लंडनमध्ये ‘मिस वर्ल्ड’ झाल्या, आशियातल्या पहिल्याच. तरीही आपल्याकडच्या बऱ्याच स्पर्धांत गुण पडतात ते चालण्याला आणि कपड्यांना. प्रश्न विचारतात तो अगदी शेवटी, तोही मोजक्या मुलींना.

बाहेर गणित निराळं आहे. हैदराबादला 31 मे 2025 रोजी झालेल्या ‘मिस वर्ल्ड’मध्ये शंभराहून अधिक मुलींतून खंडनिहाय दहा अशा 40 जणी पुढे गेल्या. खेळ, कलागुण, मॉडेलिंग, समोरासमोर संवाद या फेऱ्या जिंकणाऱ्यांना त्यात थेट जागा होती. भारताच्या नंदिनी गुप्ताला ती मॉडेलिंगमधून मिळाली. ‘मिस युनिव्हर्स’मध्ये तर परीक्षक प्रत्येकीशी आधी बंद खोलीत बोलतात. मंचावर कितीही देखणं चाललं तरी त्या मुलाखतीतली उणीव भरून निघत नाही.

आपल्या मुली नेमक्या इथेच अडतात. मंचावर उत्तराला साधारण अर्धा मिनिट मिळतं, म्हणजे फार तर पाच वाक्यं. त्यातली दोन आभार मानण्यात आणि प्रश्न पुन्हा म्हणण्यात जातात. उरलेली पाठ केलेली असतात, म्हणून प्रश्न जरा बदलला की गाडी अडते. पहिल्याच वाक्यात उत्तर, मग एक कारण, मग आपल्या गावातलं एक उदाहरण आणि थांबायचं, एवढी सवय पुरते. इंग्रजीची सक्तीही नको. 2023 ची ‘मिस युनिव्हर्स’, निकाराग्वाची शेनिस पलासिओस, स्पॅनिशमध्ये बोलली, दुभाषा सोबत होता. सत्तरी-पेडण्यासारख्या तालुक्यातल्या मुलीला मराठीत किंवा कोंकणीत बोलू द्या, ती काय विचार करते ते कळेल.

पेहरावाचीही तयारी अर्धवट असते. गाऊनची लांबी अनवाणी उभं राहून घेतात आणि स्पर्धेत चार इंची हील घालतात. किंवा उलट, हील ऐनवेळी बदलते आणि घेर पायाखाली येतो. ज्या हीलवर चालायचं तीच घालून माप द्यावं, पुढची कड जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवावी. मागे लांब घेर असेल तर जागच्या जागी गिरकी घेऊ नये, तो पायांना गुंडाळतो. लहानसा अर्धगोल घेत वळावं. नव्या सँडलचे तळ सँडपेपरने खरवडले की प्लायवूडच्या मंचावर पाय घसरत नाही. अशा बारीकसारीक चुकांनी चांगल्या मुली मागे पडतात, याचं फार वाईट वाटतं.

आणखी एक. ‘मिस युनिव्हर्स’ने 2023 पासून विवाहित स्त्रिया आणि मातांना प्रवेश दिला, 2024 पासून वयाची वरची मर्यादाही काढली. मग आपल्या प्रवेशअर्जावर ‘अविवाहित’ ही अट कशासाठी?

आयोजकांना विनंती अशी, की प्रत्येकीची तीन मिनिटांची मुलाखत बंद खोलीत घ्यावी. वीस स्पर्धक असतील तर तासाभराचं काम आहे, सकाळी तालमीच्या वेळेत उरकतं. या मुलाखतीला एकूण गुणांपैकी निदान तिसरा हिस्सा द्यावा, कोणत्या फेरीला किती गुण ते प्रवेशअर्जावरच छापावं, आणि निकालानंतर प्रत्येक मुलीला तिची गुणपत्रिका द्यावी. कुठे कमी पडलो हे कळल्याशिवाय पुढच्या वर्षी ती तयारी तरी कसली करणार?

– एक प्रशिक्षिका, फोंडा