वाशीच्या माळीकाकांना एक आभारपत्र

माळीकाका,

सप्रेम नमस्कार.

मिनी सीशोरजवळच्या बागेत कुंपणालगत हळदी-कुंकू बदकाची मादी अंड्यांवर बसली होती. गवत कापायचं मशीन तिथवर आल्यावर तुम्ही थांबलात आणि तेवढा पट्टा तसाच ठेवलात. खरे आभार त्याचेच. पुढे तुम्ही जे केलंत ते का योग्य होतं, हे इतरांनाही कळावं म्हणून हे पत्र उघड लिहितो आहोत.

हे बदक जमिनीवर घरटं करतं; उंच गवत हाच त्याचा आडोसा. तो गेला की कावळे आणि मुंगसं यायला वेळ लागत नाही. मादी रोज एक अंडं घालते आणि सगळी घालून झाल्यावरच उबवायला बसते, म्हणून पिल्लं जवळपास एकदमच बाहेर येतात. उबवण साधारण 24 दिवसांची. मधे ती खायला जाते, तेव्हा छातीची मऊ पिसं अंड्यांवर पांघरून जाते. ‘आई सोडून गेली’ म्हणत अंडी उचलायला निघालेल्यांना तुम्ही हटकलंत, फार बरं केलंत. अशी दया महागात पडते.

पिल्लं अंगावर लव आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. अंग वाळलं की दिवसभरात चालू लागतात, किडे स्वतःच टिपतात. आई भरवत नाही. ती पाण्याची वाट दाखवते, पावसात आणि रात्री पोटाखाली घेते, कुत्रं आलं तर पंख मोडल्याचं सोंग करत त्याला भलतीकडे नेते. पण मोबाइल घेऊन चहूबाजूंनी घोळका झाला की हे सोंग चालत नाही. ती उडते, पिल्लं पांगतात आणि घारीचं आयतंच फावतं. तुम्ही माणसं एकाच बाजूला थोपवलीत आणि पॉन्डकडची, म्हणजे खाडीला जोडलेल्या तळ्याकडची, बाजू मोकळी ठेवलीत.

गटाराच्या जाळीवर गोणपाट टाकायचं तर आम्हालाही सुचलं नसतं. पिल्लू जाळीतून सहज खाली जातं. मग आई तिथेच हाका मारत घुटमळते आणि उरलेली पिल्लंही भर रस्त्यात अडकतात.

काठाला लावलेली फळीही तितकीच मोलाची. पिल्लांची लव फार वेळ पाणी अडवत नाही. भिजून गारठण्याआधी त्यांना कोरड्यावर यावंच लागतं. उभ्या काठावर ती चढू शकत नाहीत. फळीला उतार कमी ठेवून काथ्या गुंडाळलात, म्हणून पाय घसरत नाहीत. पावसाळ्यात पॉन्डचं पाणी कमी खारं असतं हेही बरं, कारण लहान पिल्लांना खारं पाणी सोसत नाही.

आता दोन विनंत्या. पाव टाकणाऱ्यांना अडवा: पावाने पोट भरतं पण पोषण होत नाही, उरलेला कुजून पाणी नासवतो आणि उंदीर-कावळे जमवतो. एखादं पिल्लू एकटं सापडलं आणि आई आसपास दिसलीच नाही, तर त्याला पाण्यात सोडू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात कोरडं फडकं घालून उबेला ठेवा आणि वन विभागाच्या 1926 क्रमांकावर कळवा. घरी पाळायला कोणाला देऊ नका. इतकं लहान पिल्लू माणसालाच आई समजू लागतं, शिवाय कायद्यानेही मनाई आहे.

पिल्लांना उडता यायला साधारण दोन महिने लागतात. तोवर फळी हलवू नका. काथ्या सैल झाला तर नवा आम्ही आणून देऊ.

आपले,
वाशीतले पक्षीनिरीक्षक