धार येते, तरी इंजिन तापते

महोदय,

जुनी आउटबोर्ड इंजिने, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायची इंजिने, दुरुस्त करणे हा माझा धंदा. अलीकडे एकच तक्रार वरचेवर ऐकू येते : ‘इंपेलर नवा टाकला, मागून पाण्याची धारही येते, तरी इंजिन तापतेच.’ इंपेलर म्हणजे इंजिन गार ठेवण्यासाठी बाहेरचे पाणी वर ओढणाऱ्या पंपाचे चक्र. होडी बाळगणाऱ्या आपल्या वाचकांसाठी याविषयी लिहावेसे वाटले. भर पाण्यात इंजिन जाम झाले की प्रश्न नुसत्या दुरुस्तीच्या खर्चाचा राहत नाही. होडीत माणसे बसलेली असतात.

मागून पडणारी धार ही मुख्य प्रवाहातून बाहेर काढलेली एक बारीक वाट आहे. पंप पाणी उचलतो आहे, एवढेच ती सांगते. ते पाणी सिलिंडरभोवती नीट फिरते की नाही, याची हमी तिच्यात नाही. उलटही घडते. भोकात मिठाचा खडा किंवा कुंभारमाशीचे घर बसले की धार बंद होते आणि चांगला पंप विनाकारण खोलला जातो. म्हणून आधी इंजिन बंद करून भोकात बारीक तार घालावी, पाणी आत घेणाऱ्या खालच्या जाळीतले शेवाळ आणि प्लास्टिक काढावे, मगच पान्याला हात लावावा.

आता इंपेलर. रबरी पात्यांचे हे चक्र गिअरकेसच्या (इंजिनाच्या खालच्या, गिअर असलेल्या भागाच्या) वर, पंख्याकडे जोर नेणाऱ्या उभ्या दांड्यावर, म्हणजे ड्राइव्हशाफ्टवर बसते. इंजिन महिनोन्महिने उभे राहिले की त्याची पाती वाकलेल्या अवस्थेतच आखडतात. पाण्याबाहेर थोडा वेळ जरी चालवले, तरी घासून करपतात. जुने रबर शेवटी मुळाशी तुटते, आणि खरी गोम इथेच आहे. तुटलेले पाते पाण्याबरोबर नळीतून वर जाते आणि थर्मोस्टॅटपाशी (पाणी तापले की उघडणाऱ्या झडपेपाशी) किंवा हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, अरुंद वाटेत अडकते. परवा एका इंजिनाचा थर्मोस्टॅट काढला, तर झडपेच्या तोंडात नखाएवढा काळा रबराचा तुकडा आडवा बसलेला. नळीत आणखी एक होता. पंप दुसरीकडे नुकताच बदलून घेतलेला, पण काढलेल्या इंपेलरची पाती कोणी मोजलीच नव्हती. माझे आग्रहाचे सांगणे आहे : जुना इंपेलर टाकून देण्यापूर्वी पाती मोजा. जितकी कमी भरतील तितके तुकडे शोधून काढा. थर्मोस्टॅट काढून वरून उलटे पाणी सोडले की बरेचसे खाली येतात.

इंजिन नेमके कधी तापते, हे मालकाने नीट सांगितले तर निम्मे काम होते. मंद चालीत तापून वेगात निवळत असेल, तर झिजलेला पंप किंवा अडकलेला थर्मोस्टॅट आधी तपासावा. मंद चालीत ठीक आणि पूर्ण वेगात तापत असेल, तर जाळी तुंबलेली असू शकते, आतल्या वाटा क्षाराने भरलेल्या असू शकतात, नाहीतर इंजिन इतके उंच बसवलेले असते की पंप हवा ओढतो. थर्मोस्टॅटची परीक्षा सोपी आहे. पातेल्यातल्या पाण्यात तो दोऱ्याने टांगावा, शेजारी थर्मामीटर धरावा आणि पाणी तापवावे. बऱ्याच इंजिनांत तो 50 ते 65 अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडू लागतो. आपल्या इंजिनाचा आकडा पुस्तिकेत पाहावा. उकळी आली तरी मिटलेलाच राहिला, तर बदलावा. थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला मुळीच मान्य नाही. मग मंद चालीत इंजिन गारच राहते, पेट्रोल नीट जळत नाही आणि प्लग काळे पडतात.

खाऱ्या पाण्यात फिरून आल्यावर दर वेळी गोड्या पाण्याने इंजिन धुवावे. हेड उघडायची वेळ आलीच तर घाई नको. बोल्ट क्षाराने धरलेले असतात, जोर केला की मुंडी तुटून हातात येते.

पाण्यात असताना धार थांबली किंवा वाफ दिसली, तर वेग उतरवून इंजिन बंद करावे, वर उचलून जाळी पाहावी. तापलेल्या ब्लॉकवर (सिलिंडर असलेल्या धातूच्या ठोकळ्यावर) गार पाणी ओतू नये, धातू तडकतो.

आणि पंप बदलून खालचा भाग परत चढवताना पाण्याची नळी पंपाच्या रबरी बुशात नीट बसली का, हे बोल्ट आवळण्याआधी पाहून घ्यावे. नळी बाजूला राहिली, तर नवा पंपही सगळे पाणी खालीच सांडतो.

आपला,
एक आउटबोर्ड मेकॅनिक