पुढच्या मे महिन्यासाठी, मुक्ताला

नॅशुआ, न्यू हॅम्पशायर
जूनचा पहिला आठवडा

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, पाच तास गाडी हाकायची, चिलटांत बसायचं, मासा धरायचा आणि परत पाण्यात सोडायचा. आजी म्हणते तुला वेड लागलंय." आजीला हे पत्र मी वाचून दाखवणारच आहे. पण उत्तर तुला देतो, कारण पुढच्या वर्षी रजा काढून येते असं तूच म्हणालीस, आणि फोनवर मी रंगात येईपर्यंत तुझी मीटिंग सुरू होते.

आधी एक दुरुस्ती. सगळे मासे सोडत नाही. एक ठेवतो. ते पुढे सांगतो.

या वेळीही किडनी पाँडलाच गेलो, मेन राज्यात, बॅक्स्टर स्टेट पार्कात. मिलिनॉकेट हे वाटेवरचं शेवटचं गाव. तिथल्या कागदाच्या गिरणीवर गाव उभं होतं, ती २००८ साली बंद पडली. पेट्रोल तिथेच भरून घ्यायचं, आणि आजीला फोनही तिथूनच करायचा, कारण पुढे रेंज मिळेल या भरवशावर राहता येत नाही. पार्काच्या फाटकातून आत गेलं की कच्चा, अरुंद रस्ता आणि ताशी २० मैलांची मर्यादा. तुझ्या आईला हा रस्ता फार आवडतो. मागून कोणी हॉर्न वाजवत नाही म्हणते.

हा पार्क कसा झाला ते तुला ठाऊक असायला हवं. पर्सिव्हल बॅक्स्टर १९२१ ते १९२५ मेनचा गव्हर्नर होता. कटाडिन डोंगर राज्याने विकत घ्यावा म्हणून त्याने विधिमंडळाच्या नाकदुऱ्या काढल्या. कोणी ऐकलं नाही. पद सुटल्यावर १९३० साली त्याने स्वतःच्या पैशाने डोंगराचा बराचसा भाग आणि भोवतालची सुमारे सहा हजार एकर जमीन घेतली आणि पुढच्या वर्षी राज्याला देऊन टाकली. अट एकच, ती कायम रानच राहिली पाहिजे. मग १९६२ पर्यंत एकेक तुकडा घेत आणि देत राहिला, दोन लाख एकरांवर गेला. आपल्याकडे माणूस आमदारकी गेल्यावर काय करतो ते तू बघतेसच. गंमत म्हणजे हा गृहस्थ कुत्र्यांचा एवढा वेडा, की त्याचा आयरिश सेटर मेला तेव्हा राज्याच्या राजधानीतला झेंडा अर्ध्यावर उतरवला होता. आणि आज त्याच्याच पार्कात कुत्रं न्यायला बंदी आहे. तुझ्या त्या मैत्रिणीला हे आधीच सांगून ठेव, म्हणजे फाटकावर रडारड नको.

आता मासा. ब्रुक ट्राउट; तिकडचे लोक नुसतं ब्रुकी म्हणतात, जुने लोक स्क्वेअरटेल. नावात ट्राउट असलं तरी कुळ 'चार' (char) नावाच्या वेगळ्या माशांचं. ओळखायची सोपी खूण अशी, की खऱ्या ट्राउटच्या फिक्या अंगावर काळे ठिपके असतात आणि याच्या गडद अंगावर फिके. पाठीवर शेवाळी रंगात पिवळसर नागमोडी रेघोट्या, कुशीवर पिवळे ठिपके, त्यांत मधूनच एखादा लाल आणि त्या लालाभोवती निळं कडं. खालच्या परांची पुढची कड पांढरी स्वच्छ, तिला लागून काळी रेघ. पाण्यात मासा दिसत नाही, ती पांढरी कड दिसते. आकाराने म्हणशील तर त्या तळ्यांत वीतभर, फार तर दीड वीत. आजीच्या हिशेबात हा मासाच नव्हे, कालवणातही घालायचा नाही.

पण आजीचा हिशेब बाजूला ठेवून एक बघ. बर्फयुगाचे थर मेनमधून हटले त्याला बारा हजार वर्षं तरी झाली. बर्फ मागे सरकत गेलं तसे हे मासे वितळत्या पाण्यातून वर चढत आले आणि तळ्यातळ्यांत राहिले. आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे शेतात येतात, ते तू एकदा पाहिलेस. हे तसे चढले आणि उतरलेच नाहीत. अमेरिकेत ब्रुक ट्राउटची अशी रानटी तळी इतर राज्यांत जवळजवळ संपली. जी आहेत ती बहुतेक मेनमध्ये. राज्याने कायदा करून पाचशेहून जास्त तळी वेगळी काढली आहेत, ज्यांत कधीच हॅचरीचा, म्हणजे टाक्यांत वाढवलेला, मासा सोडला नाही, किंवा निदान पंचवीस वर्षांत सोडला नाही. त्या तळ्यांत आता मासा सोडायचा नाही आणि गळाला जिवंत मासाही लावायचा नाही.

या दुसऱ्या नियमाचं कारण तुला आवडेल, कारण ते अगदी क्षुल्लक आहे. माणूस बादलीत आमिषाचे छोटे मासे घेऊन येतो, संध्याकाळी उरलेले तळ्यात ओततो. दया म्हणून. ते वाढतात, ट्राउटचं खाणं खातात. कोणी हौशी बास नावाचा दुसरा मासा आणून सोडतो, तो ट्राउटची पिल्लंच खातो. दहा-वीस वर्षांत तळं दुसऱ्याचं होतं, आणि ते पुन्हा पहिल्यासारखं करायचं म्हणजे पाण्यात विष घालून सगळंच मारावं लागतं. त्या बादलीवाल्याला आपण काही केलं याचा पत्ताही नसतो.

किडनी पाँडवर तर फक्त फ्लाय चालते. फ्लाय म्हणजे काय तेही नियमपुस्तिकेत बांधून दिलंय: एकच आकडा, म्हणजे हूक, त्यावर पिसं, केस, दोरा, जर असलं काही गुंडाळलेलं. चकाकणारा पत्र्याचा चमचा नको, फिरकी नको. तुझे आजोबा रत्नागिरीला खाडीवर गरवायला जायचे. त्यांच्या गरीला गांडूळ किंवा कोळंबी असायची आणि खाली शिशाचा गोळा. गोळ्याच्या वजनावर दोरी जायची. इथे उलटा कारभार. आकड्याला वजनच नाही, वजन दोरीला. ती जाड दोरी मागे उडवायची, ती सरळ होईपर्यंत थांबायचं आणि पुढे सोडायची, ओला पंचा झटकतो तसं. थांबणं जमलं की निम्मं जमलं. ज्यांच्या मनगटात जोर आहे त्यांना हे उशिरा येतं, म्हणून तुला लवकर येईल.

शिशाचं निघालंच म्हणून सांगतो. मेनमध्ये छोट्या शिशाच्या गोळ्यांना आता बंदी आहे, लून पक्ष्यांमुळे. लून पोटात अन्न दळायला खडे गिळतो, त्यात शिसं जातं आणि तो मरतो. आजोबांची ती पत्र्याची डबी येताना घरीच ठेवायची.

मे महिनाच का? तर या माशाला गार पाणी लागतं. २० अंशांच्या वर गेलं की तो कासावीस होतो. एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला तळ्यावरचं बर्फ जातं, त्यानंतर काही आठवडे सगळं तळंच गार असतं आणि मासा काठाला, उथळात, कुठेही फिरतो. जुलैत तो झऱ्यांच्या तोंडाशी आणि खोल खड्ड्यांत दाटीवाटीने बसतो; तेव्हा त्याला त्रास देणं मला पटत नाही.

मेची किंमत म्हणजे ब्लॅक फ्लाय, चावणारी बारीक काळी माशी. मेनमध्ये म्हणतात, मदर्स डे ते फादर्स डे. डास टोचतो, ही कातडं चिरते आणि रक्त चाटते. कानामागे रक्ताचा ओघळ येतो तेव्हा कळतं. वाहत्या स्वच्छ पाण्यातच होते, त्यामुळे पाणी चांगलं असल्याची पावती म्हणायची आणि सोसायचं. वाऱ्यात आणि रात्री त्रास नाही. गडद कपडे तिला आवडतात, तेव्हा तुझ्या त्या काळ्या टी-शर्टांना सुट्टी दे. डोक्यावरून जाळी घे. आईने या वेळी ओढणी गुंडाळली होती. तीही चालते, फक्त चहा पिताना पंचाईत.

सीलिया पाँडला गेलो तो दिवस तुला सांगायचाय. किडनी पाँडपासून अर्ध्यापाऊण तासाची पायवाट आहे, मुळं आणि चिखल. रेंजरकडून कनूची, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीची, किल्ली घ्यायची, आपलं वल्हं आणि जॅकेट खांद्यावर टाकून चालायचं. कनू तळ्याकाठी साखळीला बांधलेली असते. काठावर मूसच्या, म्हणजे इथल्या अवाढव्य हरणाच्या, खुरांचे ताजे ठसे होते. आई पुढे बसली. ती गळाला हात लावत नाही, पण वल्हं माझ्यापेक्षा चांगलं मारते, आणि मासा कुठे उठला ते तिला आधी दिसतं. "डावीकडे, त्या वाळक्या झाडापाशी," एवढंच बोलते. सकाळभर काही लागलं नाही. वारा पडला तसं पाण्यावर मेफ्लाय नावाच्या नाजूक माश्या येऊ लागल्या, उभ्या पंखांच्या, आणि एकेक वर्तुळ उमटायला लागलं. मी हॉर्नबर्ग लावली, ती पाण्यावर तरंगतेही आणि बुडाली की छोट्या माशासारखीही दिसते, म्हणून आळशी माणसाची फ्लाय. त्या झाडापाशी टाकली. मासा घेतो तेव्हा झटका बसत नाही, दोरी जरा अडखळते. आपण दचकून ओढलं तर तोंडातून जाते.

सोडायचा असेल तर हात आधी पाण्यात बुडवायचा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग बुरशी धरते. आकड्याचा काटा मी पकडीने आधीच दाबून टाकतो, त्यामुळे मासा कनूत न घेताच सुटतो. फोटोसाठी त्याला हवेत धरून दात काढणारे लोक मला आवडत नाहीत, हे तुला माहीतच आहे.

आणि तो एक. नियमपुस्तिकेत त्या तळ्यापुढे किती न्यायला परवानगी आहे ते वाचायचं, आणि परवानगी जास्त असली तरी एकच घ्यायचा. इथल्या मंडळींत आता सगळे सोडून देण्याची सोवळी पद्धत आहे आणि एक ठेवला तरी भुवया वर जातात. माझं मत वेगळं आहे. ज्याला मासा खायचाच नाही त्याने त्याच्या तोंडात आकडा नुसत्या करमणुकीसाठी का अडकवावा? एक मारला, साफ केला, की आपण नेमकं काय करतोय ते हाताला कळतं, आणि मग उरलेला दिवस हावरटपणा येत नाही. खवले इतके बारीक की काढावे लागत नाहीत. केबिनच्या पायरीवर शेगडी मांडून आईने मीठ, हळद, तिखट आणि कोकमाचं आगळ लावलं, रव्यात घोळवून तळला. मांस नारिंगी निघालं. शेजारच्या केबिनमधले आजोबा वासाने आले, त्यांना तुकडा दिला. त्यांनी आगळाची बाटली हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहिली.

तू गळाच्या दुकानात जाशील तर भिंतीवर सगळे दाढीवालेच दिसतील. म्हणून दोन नावं सांगून ठेवतो. मेनमध्ये गाइडचा परवाना सुरू झाला तेव्हा, १८९७ साली, पहिला परवाना कॉर्नेलिया क्रॉस्बी या बाईंना मिळाला. लोक त्यांना 'फ्लाय रॉड' क्रॉस्बीच म्हणत. आणि १९२४ च्या १ जुलैला कॅरी स्टीव्हन्स यांनी रेंजलीकडे अपर डॅमला स्वतः बांधलेल्या फ्लायवर तीन किलोंहून मोठा ब्रुक ट्राउट काढला. त्यांची ग्रे घोस्ट ही फ्लाय अजून विकली जाते. माझ्या डबीत दोन आहेत, त्या तुझ्या.

केबिनमध्ये वीज नाही, नळ नाही. पाणी तळ्याचं, उकळून. झोपायची पिशवी आपली आणायची. रात्री पारा शून्याच्या आसपास जाऊ शकतो, कॅलिफोर्नियाचं जाकीट पुरणार नाही, माझं जुनं लोकरी ठेवलंय. परवाना तुझा वेगळा, ऑनलाइन मिळतो. केबिनचं आरक्षण चार महिने आधी उघडतं, म्हणजे मेच्या शेवटासाठी जानेवारीच्या शेवटी, आणि चांगल्या तारखा पटकन जातात. तेव्हा डिसेंबरात तुझी रजा पक्की करून मला सांग, आणि मैत्रीण येणार असेल तर तेही, म्हणजे चार खाटांची केबिन बघतो. आगळ संपलंय. तुझ्याकडच्या दुकानात मिळालं तर दोन बाटल्या आण.

तुझा,
बाबा